नागपूरच्या मे महिन्यात चालेल असा कूलर

घरीच कॉम्प्युटर जोडायचा असं ठरलं की पार्टची यादी बहुतेक एकाच क्रमाने भरत जाते. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर आधी, मग मदरबोर्ड, रॅम, एसएसडी. कॅबिनेट पंख्यांचे रंग बघून पसंत होतं. प्रोसेसरच्या कूलरचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो आणि तोवर बजेट संपत आलेलं असतं. वास्तविक बाकीच्या पार्टवर खर्च केलेल्या पैशांचा पुरेपूर मोबदला मिळणार की नाही, हे बऱ्याच अंशी या दोन-अडीच हजारांच्या वस्तूवर ठरतं.

प्रोसेसर जेवढी वीज घेतो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. एएमडीचा रायझन ५ ७६०० पूर्ण जोरात चालतो तेव्हा ८८ वॅटपर्यंत वीज घेतो, आणि ती मुख्यतः सुमारे ७० चौरस मिलिमीटरच्या चिपमध्ये खर्ची पडते. म्हणजे बोटाच्या नखाएवढ्या जागेतून ही उष्णता अखंड उपसत राहावी लागते. ती उपसली नाही तर काय होतं, हे टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने सप्टेंबर २००१ मध्ये एका व्हिडिओत दाखवलं होतं. चालू कॉम्प्युटरमधल्या प्रोसेसरवरचा हीटसिंक त्यांनी चक्क काढून घेतला. इंटेलच्या पेंटियम ४ने आपला वेग कमी केला आणि गेम रखडत का होईना, चालू राहिला. एएमडीच्या अ‍ॅथलॉनमधून मात्र धूर निघाला आणि तो कायमचा जळाला. आजचे प्रोसेसर असे जळत नाहीत. तापमान मर्यादेला टेकलं की ते स्वतःच वेग उतरवतात. पण वेगवान प्रोसेसरचे पैसे मोजून मंद प्रोसेसर वापरायचा, हा तोटाच आहे, आणि तो सहसा लक्षातही येत नाही.

सध्याचे बरेचसे कूलर टॉवर पद्धतीचे असतात. तळाशी तांब्याचा सपाट भाग, त्यातून वर गेलेल्या चार किंवा सहा नळ्या, नळ्यांवर ओवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची चळत आणि तिला लागून १२० मिलिमीटरचा पंखा. या नळ्या, म्हणजे हीटपाइप, भरीव नसतात. आत कमी दाबाखाली थोडंसं पाणी असतं. खालचं टोक तापलं की पाण्याची वाफ होते, वर जाऊन पत्र्यांपाशी थंड होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी पुन्हा तळाशी येतं. तेवढ्याच जाडीच्या भरीव तांब्यापेक्षा ही नळी कितीतरी जास्त उष्णता वाहून नेते. शेवटचं काम मात्र खोलीतल्या हवेचं.

आपल्याकडची खरी मेख इथेच आहे. हवेवर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. पाण्याचा कूलरही शेवटी त्याच हवेवर अवलंबून असतो. कूलर कितपत चांगला, हे तो प्रोसेसरला खोलीच्या तापमानापासून किती अंश वर ठेवतो यावरून ठरतं. परदेशातल्या बहुतेक चाचण्या २० ते २५ अंशांच्या खोलीत होतात. समजा, २२ अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७२ अंशांवर स्थिरावला. फरक झाला ५० अंशांचा. तोच कूलर, तोच प्रोसेसर आणि तेच काम नागपूर किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात, ३८ अंशांच्या खोलीत ठेवलं तर आकडा ८८च्या आसपास जातो. रायझन ७६००ची मर्यादा ९५ अंश आहे. परीक्षणाच्या व्हिडिओत निवांत दिसणारा कूलर इथे काठावर येतो. म्हणून परीक्षण वाचताना नुसतं प्रोसेसरचं तापमान बघू नये, चाचणीच्या खोलीचं तापमान शोधावं, दोहोंची वजाबाकी करावी आणि त्यात आपल्या खोलीचा उन्हाळ्यातला आकडा मिळवावा. विदर्भात खोलीला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर असेल तर हवा बरीच उतरते, पण त्याच्या दमट झोतासमोर कॅबिनेट ठेवू नये.

दुसरा फसवा आकडा वॅटचा. इंटेलच्या कोअर आय५-१४४००एफवर ६५ वॅट लिहिलेलं असतं. ती बेस पॉवर. त्याची कमाल टर्बो पॉवर १४८ वॅट आहे. आय९-१४९००केच्या बाबतीत हेच आकडे १२५ आणि २५३ आहेत. कूलर निवडताना मोठा आकडा धरावा.

रायझन ७६००सोबत रेथ स्टेल्थ नावाचा छोटा कूलर खोक्यातच मिळतो. ऑफिसचं काम, अभ्यास, अधूनमधून गेम आणि बेताचं तापमान, एवढ्याला तो चालतो. उन्हाळ्यात आवाज मात्र करतो. नावात एक्स असलेल्या ७६००एक्ससोबत किंवा इंटेलच्या के मालिकेसोबत कूलर येतच नाही, हे ऑर्डर देण्याआधीच ध्यानात घ्यावं. पहिल्यांदा कॉम्प्युटर जोडणाऱ्याला चार हीटपाइपचा, एका पंख्याचा टॉवर बहुतेक वेळा पुरतो. डीपकूलचा एके४०० हे त्याचं चांगलं उदाहरण. व्हिडिओ एडिटिंगसारखं तासन् तास चालणारं काम असेल तर थर्मलराइटच्या पीअरलेस असॅसिन १२० एसईसारखा सहा हीटपाइपचा, दोन टॉवरचा कूलर घ्यावा. लिक्विड कूलर दिसतो देखणा, पण त्यात पंप असतो आणि पंप कधीतरी बंद पडतो. साध्या टॉवरचा पंखा गेला तर काहीशे रुपयांत नवा बसतो. ८८ वॅटच्या प्रोसेसरवर लिक्विड कूलर लावण्यापेक्षा ते पैसे कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर आणि दोन चांगल्या पंख्यांवर घालणं कधीही शहाणपणाचं.

मापं घेतल्याशिवाय मात्र काहीच घेऊ नये. एके४०० १५५ मिलिमीटर उंच आहे, ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिलिमीटर. कॉर्सेअरच्या ४०००डी कॅबिनेटमध्ये १७० मिलिमीटरपर्यंतचा कूलर मावतो. अरुंद कॅबिनेटमध्ये मावत नाही आणि काचेचं दार लागत नाही. चमकत्या दिव्यांची उंच रॅम असेल तर ती पंख्याला अडते, तेही तपासावं. जुना कूलर नव्या मदरबोर्डवर चढवायचा असेल तर सॉकेट बघावं: इंटेलच्या एलजीए १२००मध्ये छिद्रांमधलं अंतर ७५ मिलिमीटर होतं, एलजीए १७००मध्ये ते ७८ झालं, त्यामुळे नवी पट्टी लागते.

बसवताना तळाच्या तांब्यावरची पारदर्शक फिल्म आधी काढायची. ती राहून गेलेले कूलर दुरुस्तीला येतच असतात. थर्मल पेस्ट मधोमध वाटाण्याएवढी पुरे. स्क्रू एका बाजूचा पूर्ण आवळून मग दुसरा, असं न करता आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. पंख्याची चार पिनांची वायर मदरबोर्डवर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच जोडावी, म्हणजे प्रोसेसरच्या तापमानाप्रमाणे पंख्याचा वेग बदलतो.

सगळं जोडून झालं की प्रोसेसरला पूर्ण जोरात पळवणारं सिनेबेंच दहा मिनिटं चालू ठेवावं आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघावं. ही चाचणी दुपारी, एसी बंद ठेवून घ्यावी. आकडा दोन-तीन सेकंदांतच नव्वदीपार गेला, तर कूलर लहान आहे असं लगेच ठरवू नये. फिल्म, सैल राहिलेला एखादा स्क्रू आणि पंख्याची वायर आधी तपासावी. हळूहळू चढत चढत तो तिथे पोचला, तर कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण काढून पुन्हा मोजावं. झाकण काढल्यावर पाच-सात अंश उतरले, तर दोष कूलरचा नाही. कॅबिनेटमध्ये हवा पुरेशी खेळत नाही.