एका एकरातले पंचवीस लाख मणी

संगमनेरला प्रवरेच्या काठी कुणी एकरभर द्राक्षबाग लावायची ठरवली, की पहिला हिशेब रोपांचा. एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजेच ४३,५६० चौरस फूट. दोन ओळींत ९ फूट, दोन वेलींत ५ फूट अंतर ठेवलं की वेली बसतात ९६८. इथपर्यंत शाळकरी पोरही गणित करेल.

डोकं गरगरतं ते पुढे. वेलीला ३५ घड ठेवले, तर बागेत ३३,८८० घड. माल १० टन आणि मणी सरासरी ४ ग्रॅमचा धरला, तर मणी होतात २५ लाख! १८ मिलिमीटर जाडीचे हे मणी पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेनं एकाला एक लावत गेलात, तर ओळ ४५ किलोमीटरची होईल; संगमनेरहून निघून सिन्नरच्याही पुढे. बाग पंधरा हंगाम चालली, तर पावणेचार कोटी मणी. त्यांचं नशीब ठरतं ते मात्र काडी निवडतानाच.

जगात द्राक्षाच्या हजारो जाती आहेत. आपल्या बागांत मात्र थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हीच नावं जास्त, आणि ही सगळी थॉमसनचीच भावकी. बिनबियांचं द्राक्ष, त्यामुळे वंश चालतो तो काडीवर. द्राक्षाच्या जनुकसंचात जवळपास ५० कोटी अक्षरं; त्यांतली काही एखाद्या डोळ्यात बदलतात, मणी वेगळा दिसतो, जाणता शेतकरी ती काडी जपतो आणि नवी जात उभी राहते.

ही काडी ज्यावर कलम करतात, तो खालचा खुंट असतो बहुधा डॉगरीजचा. मूळची टेक्सासची ही रानवेल क्षार आणि पाण्याचा ताण सोसते. म्हणजे तुमच्या ९६८ वेली या खरं तर वर एकच वेल आणि खाली एकच वेल, ९६८ वेळा उतरवलेली. गुण ९६८ पट, तसा दोषही ९६८ पट.

शंभरात एक कलम गेलं, तरी दहा वेली, ३५० घड आणि दर हंगामाला २५ हजार मणी कमी. म्हणून आधी माती-पाणी तपासा, मग खुंट ठरवा. ज्या बागेची काडी आणायची, ती मालावर असताना स्वतः जाऊन बघा. आणि रोपवाटिकेत ९६८ नव्हे, पुरते हजार खुंट सांगा.