आधी पडायला शिका

ज्युदोच्या वर्गात नव्याने आलेला माणूस पहिले काही आठवडे कोणालाच पाडत नाही, स्वतःच पडत राहतो. मागे पडतो, डाव्या-उजव्या कुशीवर पडतो, खांद्यावरून कोलांटी घेत पुढे पडतो, उठतो, पुन्हा पडतो. जपानीत या पडण्याच्या विद्येला 'उकेमी' म्हणतात. पस्तिशी-चाळिशीत मार्शल आर्ट्स शिकायला येणाऱ्या बहुतेकांच्या मनात सिनेमातली मारामारी असते, नाहीतर रस्त्यात कोणी अंगावर आलं तर काय, ही धास्ती. महिनाभर नुसतं पडायचं म्हटल्यावर त्यातले काही जण वर्ग सोडून जातात. त्यांच्याबद्दल मला फार वाईट वाटतं. मी स्वतः चाळिशी ओलांडल्यावर ज्युदोची गी, म्हणजे सरावाचा पोशाख, अंगावर चढवली. मोठ्या वयात या विद्येतून मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट याच सुरुवातीच्या दिवसांत मिळते, हे मी आज खात्रीने सांगू शकते.

लहान मुलं दिवसातून कितीदा तरी पडतात आणि उठून पळतात. त्यांचं वजन कमी असतं, डोकं जमिनीपासून फार उंच नसतं आणि पडण्याची भीती अजून अंगात मुरलेली नसते. मोठा माणूस पडताना ताठ होतो, श्वास धरतो आणि जमीन अडवायला हात पुढे करतो. सगळं वजन त्या एका तळहातावर येतं. मनगट मोडतं, कधी कोपर, कधी गळपट्टीचं हाड. पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर किंवा न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर घसरून आपल्या ओळखीतलं कोणी ना कोणी असं जायबंदी झालेलं असतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मृत्युमुखी पडतात, आणि त्यांत साठीपुढच्यांचं प्रमाण सर्वाधिक असतं. व्यायाम म्हणून आपण चालतो, योगासनं करतो, जिममध्ये वजनं उचलतो. पडावं कसं हे मात्र आपल्याला कोणी शिकवत नाही.

उकेमीची कृती सांगायला सोपी आहे. मागे पडताना आधी उकिडवं बसत टाचांच्या जवळ खाली जायचं. हनुवटी छातीला लावायची आणि नजर पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ गोल करायची. पाठ जमिनीला लागत असतानाच दोन्ही हात शरीरापासून थोडे तिरके ठेवून तळव्यांसकट मॅटवर सपकन मारायचे आणि श्वास सोडायचा. कुशीवर पडताना एकच हात मारायचा. पुढे जाताना हाताच्या कडेवरून, खांद्यावरून, पाठीवरून तिरकं लोळत विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत यायचं आणि त्याच वेगात उभं राहायचं.

यामागचं विज्ञान शाळेतलंच आहे. पडणाऱ्या शरीराचा वेग कुठेतरी जिरायलाच हवा. तो एका बिंदूवर आणि एका क्षणात जिरला तर हाड मोडतं. मोठ्या पृष्ठभागावर पसरला आणि थोडा जास्त वेळ घेऊन जिरला तर मोडत नाही. उंच झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे ओढतो, तसंच हे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात कुशीवर पडताना कमरेच्या हाडावर येणारा आघात मोजला. हात टेकून पडण्याच्या तुलनेत ज्युदोच्या पद्धतीने लोळून पडल्यावर तो पाव हिश्श्याहून अधिक कमी भरला. एक खुलासा इथे करायला हवा. हात आपटण्याची सवय मॅटवर उपयोगी आहे, काँक्रीटवर तेवढ्याच जोराने हात मारला तर हातालाच इजा होईल. रस्त्यावर कामी येतं ते मान आत घेणं, अंग गोल करणं आणि लोळणं. चांगले शिक्षक हा फरक स्पष्ट सांगतात.

मला हात पुढे न करायला शिकण्यात सगळ्यात जास्त वेळ लागला. "काकू, हात टेकू नका, मान आत!" हे माझ्या निम्म्या वयाच्या प्रशिक्षकांचं वाक्य अजून कानात आहे. शरीराने चार दशकं जपलेली प्रतिक्षिप्त क्रिया बदलायची म्हणजे हजारदा तीच हालचाल करावी लागते. कोलांट्यांनी सुरुवातीला गरगरतं, कारण कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा कित्येक वर्षं अशी हललेलीच नसते. बहुतेकांचं हे गरगरणं सरावाने कमी होतं. आणि एके दिवशी लक्षात येतं की पडण्याची भीती उरलेली नाही. चालण्यात, जिना उतरण्यात, धावती बस पकडण्यात त्याचा फरक जाणवतो.

ज्युदो मुळात अशी का घडली हे समजलं की तिचं आणि प्रौढ माणसाचं नातं उलगडतं. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचा जन्म १८६०चा. अंगाने किरकोळ, शाळेत दांडगट मुलांचा त्रास सोसलेला हा मुलगा १८७७मध्ये फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे जुजुत्सू ही जुनी युद्धविद्या शिकू लागला. तो काळ जपानमध्ये जुन्या युद्धविद्यांना उतरती कळा लागण्याचा होता. १८८२मध्ये, एकविसाव्या वर्षी, कानोंनी टोकियोतल्या एइशोजी मंदिरात बारा तातामी चटयांच्या जागेत नऊ शिष्यांसह 'कोदोकान' ही आपली ज्युदोशाळा सुरू केली. पेशाने ते शिक्षक, आणि शिक्षकाच्याच नजरेने त्यांनी जुजुत्सूकडे पाहिलं. ठोसे, लाथा आणि बोटं, गुडघे मोडणारे पेच मोकळ्या सरावातून त्यांनी बाजूला काढले. पूर्ण ताकदीने, समोरचा पूर्ण विरोध करत असताना आणि तरीही रोज करता येतील, असेच डाव ठेवले. या मोकळ्या झुंजीला 'रंदोरी' म्हणतात. ज्याला उद्या सकाळी दहाला कचेरीत हजर व्हायचं आहे असा माणूस आज संध्याकाळी जीव तोडून झुंजू शकतो, तो कानोंच्या या निवडीमुळे. ज्यांना हा सराव मिळमिळीत वाटतो त्यांनी एकदा रंदोरीची चार मिनिटं उभं राहून पाहावं.

या सरावात पाडणाऱ्यावरही जबाबदारी असते. पाडताना तो समोरच्याची बाही सोडत नाही, शेवटच्या क्षणी ती वर ओढून धरतो, म्हणजे पडणारा नीट कुशीवर येतो. आपलं आणि समोरच्याचं भलं एकत्रच होतं, हे कानोंनी आपल्या विद्येचं एक मूलतत्त्व मानलं होतं. त्या धरलेल्या बाहीत ते दिसतं.

कुस्ती जवळून पाहिलेल्या मराठी माणसाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. 'इप्पोन सेओई नागे' हा खांद्यावरून फेकण्याचा डाव पाहताना धोबीपछाड आठवल्याशिवाय राहत नाही, आणि प्रतिस्पर्ध्याला पाठीवर पाडलं की दोन्हीकडे निकाल लागतो. पण कोल्हापूरच्या तालमीत पोरगा वयाच्या दहा-बाराव्या वर्षी येतो. ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या लाल मातीत पडत पडतच तो मोठा होतो. चाळिशीचा कारकून किंवा शिक्षिका तालमीत नव्याने दाखल झाल्याचं सहसा दिसत नाही. आपल्या परंपरेत प्रौढ नवशिक्यासाठी जागा ठेवलेली नाही, ही मला तिची उणीव वाटते. ती कोणी भरून काढली तर फार चांगलं होईल.

मोठ्या वयात दुसरी अवघड गोष्ट म्हणजे हार मानण्याचा इशारा देणं. जमिनीवरच्या झुंजीत कोपर उलटं वळवलं जातं किंवा गळ्याची पकड बसते. नीट बसलेली पकड मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्या दाबते, मेंदूचा रक्तपुरवठा घटतो आणि काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते. म्हणून पकड बसली की समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थाप मारायची, आणि त्याने तत्क्षणी सोडायचं. विशीतल्या मुलांना हे चटकन जमतं. दिवसभर दुसऱ्यांना हुकूम देणाऱ्या माणसाला एकोणीस वर्षांच्या पोरापुढे थाप मारणं जड जातं. तो ओढत राहतो आणि कोपर दुखवून घेतो. मी पाहिलेल्या प्रौढांच्या दुखापतींपैकी बऱ्याच अशाच, वेळेवर थाप न मारल्याने झालेल्या आहेत.

मोठेपणी सुरू करून आयुष्य या विद्येला दिलेल्या एका बाईंचं नाव इथे घ्यायलाच हवं. केइको फुकुदा या कानोंचे गुरू हाचिनोसुके यांच्या नात. वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांनी कोदोकानच्या महिला विभागात प्रवेश घेतला. उंची पाच फुटांहून कमी. स्त्रियांना पाचव्या दानच्या (काळ्या पट्ट्यातल्या श्रेणीच्या) वर जाता येणार नाही, हा नियम त्यांच्या आड आला. १९५३मध्ये पाचवा दान मिळवूनही सहाव्यासाठी त्यांना १९७२पर्यंत थांबावं लागलं. २०११मध्ये, ९८व्या वर्षी, अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेने त्यांना दहावा दान दिला. २०१३मध्ये त्यांचं निधन झालं. अखेरच्या वर्षांपर्यंत त्या शिकवत होत्या.

या विद्येची काळी बाजू लपवण्यात अर्थ नाही. खुद्द जपानमध्ये १९८३पासूनच्या सुमारे तीन दशकांत शंभराहून अधिक मुलं शाळेतल्या ज्युदोत दगावली. त्यांतले कित्येक मृत्यू डोक्याला मार लागून झाले आणि बळी पडलेल्यांत नवशिक्यांची संख्या मोठी होती. मागे पाडणारा 'ओ सोतो गारी' हा डाव त्यात विशेष धोकादायक ठरला. मान आत घ्यायला न शिकलेल्या माणसाला कोणी जोरात पाडलं तर काय होतं, याचा हा पुरावा आहे. प्रौढांनी तो गांभीर्याने घ्यावा.

शरीराचं म्हणाल तर तिशीनंतर स्नायू हळूहळू घटतात, आणि स्नायूबंधांना नव्या ताणाची सवय व्हायला स्नायूंपेक्षा जास्त वेळ लागतो. दम लवकर वाढतो, पण गुडघे आणि बोटांचे सांधे मागे राहतात. म्हणून आठवड्यातून दोन दिवस पुरे, मध्ये विश्रांती हवी आणि मानेचे, पायांचे व्यायाम टाळू नयेत. हाडं ठिसूळ झाली असतील, मानेच्या मणक्याचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मॅटवर उतरू नये. आणि स्वसंरक्षणाचं म्हणाल तर सहा महिन्यांच्या शिकवणीने चाकू घेऊन आलेल्या माणसाला अडवता येत नाही. तसं सांगणारा शिक्षक फसवतो आहे. अशा वेळी पळून जाणं हाच बरा उपाय.

क्लास निवडताना फी आणि पदकांचं कपाट नंतर पाहा. आधी एक संध्याकाळ नुसतं बसून बघा. मॅट जाड आणि फटी न पडलेली आहे का, नवे लोक वेगळे घेऊन त्यांच्याकडून उकेमी करून घेतात का, थाप पडताच पकड सुटते का, आणि वयाने मोठ्या माणसाला स्वतःच्या गतीने शिकू देतात का, हे पाहा. आणि पहिल्याच दिवशी तुम्हाला कोणी पाडायला निघालं, तर त्या क्लासमध्ये परत जाऊ नका, दुसरा शोधा.