अकरावीत सुटलेलं गणित

जूनमध्ये पावसाची चाहूल लागली की धाडमध्ये दोन ठिकाणी गर्दी होते. एक कृषी केंद्रांसमोर, सोयाबीन-कपाशीच्या बियाण्यासाठी. दुसरी ऑनलाइन सेंटरवर, प्रवेशाच्या अर्जांसाठी. कित्येकदा बाप पहिल्या रांगेत असतो आणि पोरगी दुसऱ्या रांगेत. तिच्या हातात प्लास्टिकची फाईल असते. बीएस्सीच्या सहा सत्रांच्या गुणपत्रिका, टीसी, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक. तिला रसायनशास्त्रात एमएस्सी करायची असते. सेंटरवाला विचारतो, "ताई, कोणतं विद्यापीठ टाकू?"

धाडमध्ये हा प्रश्न खरोखरच अवघड आहे. गाव बुलढाणा तालुक्यातलं, पण शेजारीच जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका लागतो. म्हणजे इकडे विदर्भ, तिकडे मराठवाडा. बुलढाणा, चिखली, खामगाव, मलकापूर इथली महाविद्यालयं 1983 साली स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची. भोकरदन, सिल्लोड, जालना ही 1958 साली सुरू झालेल्या मराठवाडा विद्यापीठाची, म्हणजे आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची. आपल्या विद्यापीठाचं अमरावती इथून लांब पडतं आणि परक्या विद्यापीठाचं छत्रपती संभाजीनगर जवळ. जवळ म्हणून तिकडे जायचं तर स्थलांतर प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'मायग्रेशन' म्हणतात, ते आधीच्या विद्यापीठातून काढावं लागतं आणि नव्या विद्यापीठाची पात्रता-तपासणी पार करावी लागते. निकाल लागल्या दिवशीच मायग्रेशनचा अर्ज करून टाकावा. प्रवेश मिळूनही या एका कागदापायी मुलांचे महिनोन्‌महिने चकरांमध्ये जातात.

आता पात्रतेकडे येऊ. राज्यातल्या विद्यापीठांची मूळ अट साधी आहे: बीएस्सी, आणि त्यात रसायनशास्त्र. जुन्या पद्धतीत तीन विषयांचा गट असायचा, भौतिक-रसायन-गणित किंवा रसायन-वनस्पती-प्राणी. दोन्ही गटांतली मुलं एमएस्सीला जाऊ शकत. नव्या शैक्षणिक धोरणानं 'मेजर' आणि 'मायनर' आणलं. संलग्न महाविद्यालयांत हे 2024-25 पासून सुरू झालं, त्यामुळे त्यातली तीन वर्षांची पहिली तुकडी 2027 मध्ये बाहेर पडेल. ज्याला पुढे रसायनातच जायचं आहे त्यानं रसायन मेजर घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मायनरवर प्रवेश मिळेल की नाही, हे प्रत्येक विद्यापीठ आपापल्या क्रेडिटच्या हिशेबानं ठरवतं, आणि त्या हिशेबावर तीन वर्षं टांगून ठेवण्यात अर्थ नाही.

पण माझ्या मते खरा अडसर यातल्या कशातच नाही. तो अकरावीतच तयार होतो.

दहावीत चांगले गुण पडले की आपल्याकडे घरात, नात्यात एकच सूर निघतो: डॉक्टर कर. मग अकरावीला जीवशास्त्र घेतलं जातं, नीटचा अभ्यास हलका व्हावा म्हणून गणित सोडलं जातं. दोन वर्षांनी मेडिकलला नंबर लागत नाही. पोरगी बीएस्सीला जाते, तिथे तिला रसायन मनापासून आवडू लागतं, गुणही चांगले पडतात. शेवटच्या वर्षाला कुणीतरी सांगतं, आयआयटीतून एमएस्सी करता येते, 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा दे. ती माहितीपुस्तिका उघडते आणि अनेक आयआयटींच्या रसायन विभागापुढे अट दिसते: बारावीला गणित हवं. सोळाव्या वर्षी, कुणी नीट काही न सांगता, घेतलेला निर्णय विसाव्या वर्षी असा आडवा येतो.

ही अट उगीच घातलेली नाही. एमएस्सीच्या पहिल्याच सत्रात क्वांटम रसायन येतं आणि श्रोडिंजरचं समीकरण फळ्यावर लिहिलं जातं. ते विकलन समीकरण आहे. रेणूंची सममिती शिकताना मॅट्रिक्स लागतात. अभिक्रियेचा वेग काढायला संकलन लागतं. गणित सोडलेली मुलं इथे सूत्रं पाठ करतात, पेपर काढतात, पास होतात. पण भौतिक रसायनाची त्यांची भीती जात नाही. काही विद्यापीठांनी जीवशास्त्राच्या वाटेनं आलेल्यांसाठी रसायनापुरतं गणित शिकवायची सोय केली होती. ती प्रत्येक महाविद्यालयात असायला हवी.

ज्यांचं गणित सुटलं त्यांनी खचून जाऊ नये. राज्य विद्यापीठांची दारं उघडीच आहेत. सीयूईटी-पीजी ही राष्ट्रीय परीक्षा देऊन हैदराबादसारख्या केंद्रीय विद्यापीठाचा विचार करता येतो. प्रत्येक विभागाची अट तेवढी आधी वाचावी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून बारावीचा एकच विषय देण्याचीही सोय आहे. मात्र तसं दिलेलं गणित ज्या संस्थेत जायचंय तिला चालतं का, हे आधी लेखी विचारून घ्यावं.

जॅमबद्दल दोन शब्द. तीन तासांचा पेपर, 60 प्रश्न, 100 गुण, भाषा फक्त इंग्रजी. एक पर्याय बरोबर असलेले 30 प्रश्न, एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतील असे 10, आणि उत्तराचा आकडा स्वतः काढून टाकायचे 20. उणे गुण फक्त पहिल्या भागात आहेत. आकड्याच्या वीस प्रश्नांना अंदाज चालत नाही, पण चुकलं तरी गुण कापले जात नाहीत. म्हणून एकही कोरा सोडू नये. परीक्षा फेब्रुवारीत असते आणि अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात भरतात. आपल्याकडची मुलं बीएस्सीच्या निकालानंतर, जूनमध्ये चौकशीला निघतात. तोवर ती गाडी चार महिन्यांपूर्वीच गेलेली असते.

प्रवेशाचा विषय निघाला की मला कमलाबाई सोहोनी आठवतात. दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनी 1933 साली मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील आणि काका दोघेही तिथेच शिकलेले. संचालक होते सर सी. व्ही. रामन. स्त्री म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाईंनी कारण विचारलं, तिथे ठाण मांडलं आणि अखेर एक वर्षाच्या परीक्षेवर प्रवेश मिळवला. 1936 मध्ये त्यांची एमएस्सी झाली, पुढे 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. त्यांचं काम पाहून त्या संस्थेनं मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. आज धाडची पोरगी अर्जावर लिंगाच्या रकान्यात जी खूण निर्धास्त करते, तिच्यामागे हा इतिहास आहे.

प्रवेश झाला की पदवीचा हिशेब सुरू होतो. राज्य शासनानं 2023 मध्ये आखलेल्या चौकटीत दोन वर्षांच्या एमएस्सीला 80 ते 88 क्रेडिट लागतात, दर सत्राला 20 ते 22. वर्गातल्या पंधरा तासांना एक क्रेडिट, प्रयोगशाळेतल्या तीस तासांना एक. पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीचे 4, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे म्हणजे 'ओजेटी'चे 4, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाचे 4 आणि चौथ्यात 6. एका वर्षानंतर शिक्षण सोडावं लागलं, तर तोवरच्या क्रेडिटवर पदव्युत्तर पदविका मिळते. लग्न ठरलं म्हणून मध्येच शिक्षण सुटणाऱ्या मुलींना ही तरतूद कुणीतरी समजावून सांगायला हवी. आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतलेल्यांना एमएस्सी एकाच वर्षाची आहे.

यातले प्रकल्पाचे दहा क्रेडिट मला सगळ्यांत मोलाचे वाटतात. नेमके तेच अनेक ठिकाणी जुना प्रकल्प उतरवून उरकले जातात. बुलढाणा जिल्ह्यात विषयांना काय तोटा? लोणारच्या सरोवराचं पाणी कमालीचं अल्कधर्मी आहे, सामू दहाच्या आसपास. जून 2020 मध्ये ते गुलाबी झालं आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्याचं कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत शोधलं. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींचं पाणी महिन्यागणिक तपासलं तरी एक नेटका प्रकल्प उभा राहतो.

आणि काही नाही तर मिरची आहे. भोकरदनकडच्या मिरचीपट्ट्यातून चार वाळक्या मिरच्या आणा, कुटा, ॲसिटोनमध्ये भिजवा. लाल अर्काचा टिपूस केशनळीनं सिलिकाच्या पट्टीवर टेका, टाचणीच्या डोक्याएवढाच. पट्टी चिमट्यानं धरून द्रावकाच्या झाकलेल्या भांड्यात उभी करा. द्रावक वर चढतो तसा तो लाल ठिपका फुटतो; पिवळे-केशरी पट्टे वेगवेगळ्या उंचीवर जाऊन थांबतात. ज्याची सिलिकाशी जवळीक जास्त, ते मागे राहतं. तिखटपणा देणारं कॅप्सायसिन रंगहीन, डोळ्याला दिसतच नाही. पट्टी अतिनील दिव्याखाली धरली की हिरव्या उजेडात त्याचा काळसर डाग उमटतो. लहानपणापासून जिनं हात पोळले, ती वस्तू पहिल्यांदा अशी समोर दिसते. हे पाहिलेला विद्यार्थी क्रोमॅटोग्राफी विसरणार नाही.

एमएस्सीत रसायनाची शाखा निवडताना नोकरीचाही विचार करावा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या औषध कंपन्यांत गुणवत्ता-तपासणीला विश्लेषणात्मक रसायनवाले लागतात, नवं संयुग घडवण्याच्या कामाला सेंद्रियवाले. एचपीएलसी यंत्र हाताळलंय का, हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. म्हणून ओजेटी जिथे यंत्र प्रत्यक्ष वापरायला मिळेल तिथेच करावी. नुसत्या सहीशिक्क्याच्या प्रमाणपत्राला मुलाखतीत कुणी विचारत नाही.

आणखी एक आकडा लक्षात ठेवावा: 55. प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेटला एमएस्सीला 55 टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना 50. नुसतं पास होऊन हा रस्ता उघडत नाही. सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ मिळाली तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत महिना 37,000 रुपये मिळतात. शेतावर जगणाऱ्या घराला ही रक्कम काय असते, ते धाडमध्ये वेगळं सांगायला नको.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरतात. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना. उत्पन्नाचा दाखला मार्चनंतर नवा काढावा लागतो आणि जात वैधतेला वेळ लागतो, म्हणून ही कामं बीएस्सीच्या शेवटच्या वर्षातच हातावेगळी करावीत.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा सहामाही संपून मुलं सुट्टीला घरी आलेली असतील. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला कुणी असेल तर त्याच्यासोबत बसून सीयूईटी-पीजीच्या अर्जाची तारीख बघा. आणि भाऊबीजेला आलेली अकरावीतली भाची गणित सोडते म्हणाली, तर तिला जीवशास्त्रासोबत गणितही ठेवायला सांगा.