आगगाडीच्या खिडकीतली प्रयोगशाळा



मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जाणारा लोहमार्ग सुमारे १,९७० किलोमीटर लांबीचा आहे. मेलगाडीने या प्रवासाला तीस-बत्तीस तास लागतात. एवढा वेळ एका बाकावर बसून काढायचा म्हटले की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. उलट काही माणसे अशी असतात की, विमान दोन-अडीच तासांत पोहोचवते हे ठाऊक असूनही ती आगगाडीच पसंत करतात. ही आवड काही जन्मतः नसते. मग ती लागते कशी? मला ती कशी लागली ते सांगतो. त्यात थोडे पदार्थविज्ञान येईल. त्याला इलाज नाही, कारण आवड लागली ती त्यातूनच!

दहावीची परीक्षा संपल्यावर एप्रिलअखेरीस मी वडिलांबरोबर कोलकात्याला आत्याकडे निघालो होतो. गाडी रात्रीची. सकाळी अकोला मागे पडेपर्यंत बरोबर आणलेली दोन्ही पुस्तके वाचून संपली. "बाबा, अजून किती राहिलं?" हा प्रश्न मी पाचव्यांदा विचारला, तेव्हा समोरच्या बाकावरचे वयस्कर गृहस्थ हसले. ते रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड होते.

"अजून किती ते मागाहून पाहू," ते म्हणाले, "आधी गाडी किती वेगानं चालली आहे ते सांग बरं."

"ते मी कसं सांगणार, काका? ते इंजिनाच्या ड्रायव्हरला ठाऊक."

"तुलाही ठाऊक होईल. घड्याळ आहे ना हातात? मग बाहेर बघ."

ठोके मोजा, वेग काढा

रुळांच्या कडेने दर किलोमीटरला अंतराचा आकडा लिहिलेला असतो. विजेच्या तारांच्या खांबांवरही किलोमीटर आणि खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो. एका किलोमीटरच्या आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंत किती सेकंद लागले ते पाहावे आणि त्या संख्येने ३,६०० ला भागावे. आम्ही मोजले तेव्हा ४५ सेकंद भरले. म्हणजे वेग ताशी ८० किलोमीटर.

मग गार्डकाकांनी दुसरी युक्ती सांगितली. तिच्यासाठी खिडकीबाहेर पाहण्याचीही गरज नव्हती. त्या काळी वाटेत अजून सांध्यांचे रूळ लागत. एकेक रूळ १३ मीटरांचा असे आणि दोन रुळांमध्ये थोडी फट सोडलेली असे. उन्हाने पोलाद प्रसरण पावते. तापमान ४० अंशांनी वाढले तर १३ मीटरांचा रूळ सुमारे ६ मिलिमीटरने लांब होतो. त्यासाठीच ही फट. चाके तिच्यावरून गेली की 'खटक्-खटक्' असा जोडठोका ऐकू येतो. असे जोडठोके ४७ सेकंद मोजावेत. जितके ठोके, तितकाच गाडीचा ताशी किलोमीटरमध्ये वेग! ४७ हाच आकडा का, हे तुम्ही स्वतःच काढून पाहा. १३ ला ३.६ ने गुणले की कोडे सुटेल.

आज प्रमुख मार्गांवरचे रूळ वितळजोडाने एकसंध केलेले असतात आणि स्लीपर व खडी यांच्या पकडीमुळे त्यांचे प्रसरण रोखले जाते. त्यामुळे तो ताल आता क्वचितच ऐकू येतो. किलोमीटरचे आकडे मात्र जागच्या जागी आहेत.

मागून बसलेला धक्का

"रात्री कसाऱ्याला मागून धक्का बसला तो कळला का?" काकांनी विचारले. कळला होता. माझी पहिली झोप त्या धक्क्यानेच मोडली होती.

कसारा ते इगतपुरी हा थळ घाट. त्यातून १८६५ पासून आगगाड्या जात आहेत. येथील चढ ३७ मीटर अंतराला १ मीटर इतका आहे. पायी चालणाऱ्याला त्याचे काहीच वाटणार नाही, पण आगगाडीला तो फार मोठा आहे. असे का? पोलादाचे चाक पोलादी रुळावरून फिरते तेव्हा त्याला विरोध अत्यल्प असतो. डब्यांचे वजन १,२०० टन धरले, तर सपाटीवर मंद गतीने ते ओढायला साधारण तीन टनभाराएवढे बळ पुरते. हा आगगाडीचा मोठा गुण. पण घाटात डबे आणि १२० टनांचे इंजिन मिळून १,३२० टन चढवायचे असतात. त्याचा ३७ वा भाग काढा. सुमारे ३६ टनभार! सपाटीच्या दसपटीहूनही अधिक.

आता इंजिनाची बाजू पाहू. चाक आणि रूळ यांमधील घर्षणगुणक ०.२५ धरला, तर १२० टनांचे इंजिन जास्तीत जास्त ३० टनभाराने ओढू शकेल. त्याहून अधिक जोर लावला तर चाके जागच्या जागी घसरतील. म्हणजे इंजिनाची शक्ती कितीही वाढवली तरी उपयोग नाही. कमी पडते ती पकड. म्हणून कसाऱ्याला बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना मागून आणखी इंजिने लावतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. ती गाडी ढकलत इगतपुरीपर्यंत नेतात आणि तेथे सुटतात. ज्या गुणामुळे गाडी सपाटीवर सहज धावते, तोच घाटात तिला अडवतो. हे कळल्यावर झोपमोडीचा राग कुठल्या कुठे पळाला.

बरोबर चालणारा चंद्र

बडनेरा मागे पडल्यावर काकांनी मला नुसते बाहेर पाहायला सांगितले. जवळचे खांब झर्रकन मागे पळत होते, शेतातली झाडे सावकाश सरकत होती आणि क्षितिजावरची टेकडी आमच्याबरोबरच चालली होती. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. एक किलोमीटर दूरचे झाड तेवढ्या वेळात सव्वा अंशाने मागे सरकते, तर दहा किलोमीटर दूरची टेकडी त्याच्या दहाव्या हिश्शाने. चंद्र तर ३,८४,००० किलोमीटर दूर. तासभर गाडी धावली, तरी त्यामुळे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर चंद्राची जागा त्याच्या बिंबाच्या चाळिसाव्या भागाइतकीही बदलत नाही. म्हणून लहान मुलांना चंद्र गाडीबरोबर येतो असे वाटते.

पाहणारा हलला की वस्तूची जागा बदललेली दिसते, याला 'पराशय' म्हणतात. सरकणे जितके कमी, तितके अंतर जास्त. १८३८ मध्ये बेसेल या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे अंतर याच तत्त्वाने मोजले. ते सुमारे ११ प्रकाशवर्षे आहे. त्याची आगगाडी होती आपली पृथ्वी! ती सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला, म्हणजे ३० कोटी किलोमीटर दूर जाते. तेव्हा कुठे तो तारा तिच्या खिडकीतून किंचित सरकलेला दिसतो.

चुकलेला सूर्य

गार्डकाका गोंदियाला उतरले. उतरताना म्हणाले, "आता एकटा नाहीस हं. घड्याळ आहे, खिडकी आहे."

संध्याकाळी बिलासपूरच्या आसपास सूर्य मावळला. मी सवयीने घड्याळ पाहिले आणि चमकलो. आदल्या दिवशी मुंबईत तो मावळला, त्याहून अर्ध्या तासापेक्षाही जास्त आधी! घड्याळ बंद पडले म्हणावे, तर स्थानकावरचे घड्याळही तीच वेळ दाखवत होते. दुसऱ्या दिवशी हावड्याला उतरलो तेव्हा सहा वाजायचे होते, पण ऊन चांगलेच वर आले होते. मुंबईत त्या दिवसांत सूर्य उगवतो सव्वासहाच्या सुमारास.

उत्तर आत्याकडच्या नकाशात सापडले. मुंबई ७२.८ अंश पूर्व रेखांशावर आहे, तर हावडा ८८.३ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. साडेपंधरा अंशांची ६२ मिनिटे झाली. मी रात्रंदिवस पूर्वेकडे चाललो होतो आणि सूर्याची वेळ मुंबईतल्या सूर्याच्या वेळेपेक्षा तासभर पुढे गेली होती.

पूर्वी गावोगावची घड्याळे आपापल्या सूर्याप्रमाणे चालत. रेल्वेला मात्र सर्व स्थानकांवर एकच वेळ हवी होती. त्यासाठी तिने मद्रासची वेळ धरली. १९०६ मध्ये साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावरची भारतीय प्रमाणवेळ आली. तरीही तिच्या ३९ मिनिटे मागे असणारी 'मुंबई टाइम' पुढे १९५५ पर्यंत टिकून होती. ते रेखावृत्त आमच्या गाडीने बिलासपूर सोडल्यावर, चांपा येण्याआधीच ओलांडले होते. नकाशावर ते पाहिले तेव्हा मला हळहळ वाटली. देशाची वेळ जिच्यावरून ठरते ती रेषा मी ओलांडली, आणि तेव्हा मी शेंगा सोलत बसलो होतो!

परतीच्या प्रवासात बाबांना मी "अजून किती?" असे एकदाही विचारले नाही. चांपा गेल्यावर खिडकी मात्र सोडली नाही.

पुष्कळांना आगगाडी आवडते ती सहप्रवाशांच्या गप्पांसाठी, डब्यातल्या दशम्यांसाठी, स्थानकागणिक बदलणाऱ्या भाषेसाठी. तीही कारणे खरीच आहेत. पण त्या सर्वांच्या मुळाशी एक गोष्ट मला समान दिसते. वाट पाहणे सोडून माणूस आजूबाजूला पाहू लागतो, तेव्हाच त्याला प्रवास आवडू लागतो. आज मोबाइल गाडीचा वेग क्षणात सांगतो. त्याची मदत जरूर घ्या, पण आपले उत्तर काढून झाल्यावर, पडताळा पाहण्यासाठी.

तर मित्रांनो, पुढच्या सुट्टीत लांबचा प्रवास घडला तर एक वही आणि सेकंदकाट्याचे घड्याळ बरोबर घ्या. वातानुकूलित डब्याच्या बंद काचेतूनही हे प्रयोग होतात. मात्र दारात उभे राहू नका आणि खिडकीबाहेर डोके किंवा हात काढू नका. दर तासाला वेग मोजा, सूर्योदयाची आणि सूर्यास्ताची वेळ टिपा. घरी आल्यावर नकाशा उघडा आणि त्या वेळांवरून आपण पूर्वेला किंवा पश्चिमेला किती अंश गेलो ते काढा. उत्तर थोडे चुकेल. उत्तर-दक्षिण अंतरामुळेही सूर्योदयाची वेळ बदलते. ती चूक किती आणि कोणत्या बाजूला, हे शोधायला परतीचा प्रवास आहेच!