डिकीतला खर्ज

सुमारे २० ते १०० हर्ट्झ या पट्ट्यातील खर्ज वाजवण्यासाठी घडवलेला मोठ्या व्यासाचा स्पीकर म्हणजे सबवूफर. तो निवडताना खोक्यावर ठळक छापलेल्या कमाल वॅटपेक्षा आरएमएसचा आकडा, म्हणजे स्पीकर सातत्याने पेलू शकेल अशी शक्ती, विचारात घेणे श्रेयस्कर असते. स्पीकर ज्यात बसवतात ती पेटी हा त्याहून निर्णायक घटक असून, बंद पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी स्पीकरच्या शंकूला आवरते आणि आवाज नेमका ठेवते, तर नळी बसवलेली पेटी ठरावीक कंप्रतेभोवती अधिक घुमते, मात्र जागाही अधिक व्यापते (हॅचबॅकमध्ये हा प्रश्न लगेच सामानाशी येऊन भिडतो).

सबवूफरला शक्ती पुरवणाऱ्या पाचशे वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरला १२ व्होल्टवर ४० अँपिअरहून अधिक प्रवाह लागत असल्याने तांब्याची जाड तार थेट बॅटरीपासून आणली जाते आणि तिच्यावरील फ्यूज बॅटरीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत बसवला जातो. फ्यूज डिकीत बसवल्यास, इंजिनमागच्या पत्र्याच्या रबरी बूच नसलेल्या छिद्रात तारेचे वेष्टण कापले गेले, तर शॉर्टसर्किट रोखणारे मध्ये काहीच उरत नाही. अर्थिंगसाठी पत्र्यावरील रंग खरवडून धातू उघडा करावा लागतो. रंगावरच स्क्रू आवळल्यास इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ स्पीकरमधून ऐकू येऊ शकते.