शाळकरी विद्यार्थी आणि संशोधन

संशोधन हे विद्यापीठातील पंडितांचे काम. शाळेच्या बाकावर बसणाऱ्या मुलाने पाठ म्हणावा, शोध लावण्याच्या भानगडीत पडू नये, असा समज समाजात रूढ आहे. हा समज कितपत खरा, ते नाशिक शहरातील एका उदाहरणावरून ताडून पाहण्यासारखे आहे.

२७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ यात्रेकरू प्राणांस मुकले. अशा दुर्घटनेचे कारण समजण्यास कठीण नाही. अरुंद वाटेत मावतील त्याहून अधिक माणसे शिरतात. मागच्यास पुढचे दिसत नाही म्हणून तो लोटतो, आणि पुढच्यास मागे सरता येत नाही. तेव्हा बंदोबस्त ठेवणाऱ्यास प्रथम कळावयास हवे ते हे की, या घटकेला आत माणसे किती आहेत? प्रश्न साधा, पण लक्षावधींच्या गर्दीत डोकी मोजावी कशी?

२०१५चा सिंहस्थ जवळ आला तेव्हा, २०१४ पासून, नाशिकमध्ये ‘कुंभथॉन’ नावाचा उपक्रम सुरू झाला. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांची त्यामागे प्रेरणा होती. सिंहस्थाच्या अडचणींवर विचार करण्यासाठी तज्ज्ञ, उद्योजक, अधिकारी आणि विद्यार्थी एकत्र बसले. त्यांत नाशिकचा एक शाळकरी मुलगाही होता. डोकी मोजणे दुर्घट, तर पावले मोजावीत, या विचारातून त्याने सहकाऱ्यांसह दाब ओळखणारी चटई तयार केली. वाटेवर अंथरलेल्या या चटईवर पाऊल पडले की दाबामुळे विजेच्या संकेतात फरक पडतो आणि यंत्र त्याची नोंद करते. तिला ‘आशिओतो’, म्हणजे जपानी भाषेत पावलांचा आवाज, असे नाव मिळाले. २०१५च्या सिंहस्थात तिने १८ तासांत सुमारे ५ लाख पादचारी मोजले.

येथे मार्गदर्शकाचे कार्य कोणते, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्याने उत्तर सांगितले तर तो पुन्हा एक पाठच होईल. मुलाच्या आवाक्यात येईल एवढा प्रश्न लहान करणे आणि मग त्याच्या उत्तरावर शंका घेणे, हे त्याचे काम. एकाच माणसाची दोन पावले चटईवर पडली तर? चौघे जोडीने आले तर? आत जाणारा कोणता, बाहेर पडणारा कोणता? यंत्राचा आकडा खरा हे कशावरून? यावर उपाय एकच: काही वेळ माणसे डोळ्यांनी मोजावीत, यंत्राच्या आकड्याशी ताडावीत आणि चूक किती निघते ती वहीत प्रामाणिकपणे टिपावी. शोध आणि कल्पना यांत फरक पडतो तो या वहीमुळे.

अशी संधी मोजक्याच मुलांच्या वाट्याला यावी असे नाही. १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वर्षांची मुले शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली आपल्याच परिसरातील एखाद्या प्रश्नाचा अभ्यास मांडतात. गावातील विहिरींचे पाणी, बाजारातील कचरा, शेतातील कीड, असा कोणताही विषय त्यास पुरतो. धोका आहे तो वडीलधाऱ्यांच्या उत्साहाचा. बक्षिसाच्या हव्यासाने प्रकल्प पालकांनी रचावा आणि मुलाने तो पाठ म्हणावा, असे झाले की मूळ हेतूच बुडतो. पारख करावयाची तर मुलास एवढेच विचारावे, “तुझे कोठे चुकले?” ज्यास आपली चूक सविस्तर सांगता येते, काम त्याचेच असते.

मोजणीने चेंगराचेंगरी आपोआप टळत नाही. आकडा पाहून वेळीच वाट अडविणारा माणूसही हवाच. परंतु २०२७च्या पर्वण्यांसाठी घाटाकडे निघणाऱ्या गर्दीला आपल्याच शहरातील मुलांनी प्रश्न म्हणून पाहावे, वही उघडावी आणि मोजू लागावे, यात त्या ३९ जणांचे स्मरणही आहे आणि उद्याच्या यात्रेकरूंची काळजीही.