ओलीच्या हिशेबातले खत

महाराष्ट्राच्या कोरडवाहू शेतीची गेली शंभर वर्षे पाहिली, तर पाणी आणि खत यांची झालेली फारकत ठळकपणे दिसते. सुरुवातीला ती नव्हती. १९२३ मध्ये मांजरीला आणि १९३३ मध्ये सोलापूरला सुरू झालेल्या संशोधनातून जी 'मुंबई पद्धत' आली, तिच्यात बांधबंदिस्ती, शेणखत, विरळ पेरणी आणि वारंवार कोळपणी एकत्रच होती. उत्पन्नातली वाढ माफक असल्याने ती फारशी पसरली नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी अडवण्याची कामे जोरात झाली, ती योग्यच होती. पण रासायनिक खत संकरित बियाण्यांबरोबर बागायतीकडे गेले. वास्तविक कोरडवाहू पिकालाही खत उपयोगी पडते, फक्त ते ओलीत पोचले पाहिजे. रब्बी ज्वारी साठलेल्या ओलीवरच वाढते. फोकून दिलेला युरिया वरच्या कोरड्या थरात पडून राहतो, चुनखडीच्या काळ्या जमिनीत काही भाग अमोनिया होऊन उडून जातो, आणि मुळे तर खाली ओलीत असतात. दोन चाड्यांच्या पाभरीने तेच खत बियाण्याखाली पेरले की पिकाला लागू पडते, मुळे खोल जातात आणि तेवढ्याच ओलीत दाणा जास्त भरतो. उलट हलक्या जमिनीत नत्र जास्त झाले, तर पीक आधीच फोफावून ओल संपवते व दाणे भरताना वाळते. म्हणूनच कृषी विद्यापीठाने खताची मात्रा जमिनीच्या खोलीनुसार ठरवली.

यावर सिंचन वाढवा, असे उत्तर मिळते. पण १९९९ च्या चितळे सिंचन आयोगाच्या अंदाजानुसार, भूपृष्ठावरचे आणि भूजल मिळून सुमारे १२६ लाख हेक्टरच भिजू शकते; लागवडीयोग्य जमीन सुमारे २२५ लाख हेक्टर आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पाऊस रुसला तर खताचे पैसे मातीत जातात. खरिपात ही भीती खरीच, म्हणून नत्र विभागून द्यावे; पाऊस आला नाही तर दुसरा हप्ता पोत्यातच राहतो. रब्बीत मात्र पेरतानाच ओल किती खोल आहे हे कळते, म्हणजे जोखीम मोजता येते. शेततळ्यातले एक पाणी ज्वारी पोटरीत असताना मिळाले, तर ही जोखीम आणखी घटते.

धोरणाने ओल आणि खत यांची ही सांगड घातली नाही, याचे मला वाईट वाटते. २०१० च्या खत अनुदान पद्धतीतून युरिया वगळला गेला. तो स्वस्त राहिला, स्फुरद-पालाश महागले. २०१५ पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक तपासले जातात, पण जमिनीची खोली त्यांत नाही. ती मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. कृषी सहायकाने शिवारात जाऊन ती पत्रिकेवर नोंदवावी, आणि पेरणीपूर्वीच्या ओलीनुसार खताच्या दोन-तीन वेगवेगळ्या मात्रा तिथेच लिहून द्याव्यात.